हूटर कुणी बंद केला

शहाद्यातल्या एका खासगी दवाखान्यात भाईदास अकरा वर्षं वॉचमन होता. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाला कुठल्या मजल्यावर जायचं, एक्स-रे कुठे काढायचा, हे तोच सांगायचा. डॉक्टरांपेक्षा त्याला ओळखणारे जास्त, आणि हे त्याला मनातून फार आवडायचं.

त्याच्या टेबलामागे भिंतीवर आगीच्या अलार्मचं पॅनल होतं. ते बसवलं तेव्हा कंपनीचा भूपेश सगळ्यांना शिकवायला आला होता. छतावरचे गोल डबे म्हणजे डिटेक्टर, धूर ओळखणारे. जिन्यापाशी काचेची लाल पेटी म्हणजे कॉल पॉइंट, आग दिसली की माणसाने दाबायची. पॅनलवर पिवळा दिवा लागला तर बिघाड, लाल लागला तर आग. भाईदासने हजेरीवर सही केली आणि मधूनच चहाला गेला. पुढे कॅन्टीनमध्ये मिरचीची फोडणी पडली की अलार्मचा भोंगा, हूटर, केकाटायचा, त्यामुळे एक बटण तेवढं त्याला पाठ झालं. आवाज बंद करायचं.

मार्चमधल्या एका दुपारी हूटर वाजला. भाईदास एका नातेवाइकाशी हुज्जत घालत होता. वळूनही न बघता त्याने बटण दाबलं. चार मिनिटांनी पुन्हा वाजला. "फोडणीच शे," म्हणत त्याने पुन्हा दाबलं. तेवढ्यात प्रतिभा सिस्टर जिन्यावरून ओरडत आली.

"मामा, वर आग लागलीय! कॉल पॉइंट दाबला, तर हूटर वाजता वाजता बंद पडला!"

दुसऱ्या मजल्यावर चादरींच्या खोलीत वायर जळाली होती. भाईदास धावला. मांडीचं हाड मोडलेल्या भिकुबाईला त्याने धुरातून उचलून खाली आणलं. आग विझली, कुणी दगावलं नाही. भिकुबाईने त्याचा हात धरला. "भाऊ, तू व्हता म्हनीसन मन्हा जीव वाचना." लोकांनी पाठ थोपटली. भाईदासला मान वर करवेना. पॅनलवरचा लाल दिवा अजून पेटलेलाच होता.

घरी बायको कौतुकाने शेजारणीला सांगत होती, तिलाही त्याने खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भूपेशला बोलावून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. "माणसं मेली असती! तुमचं मशीनच बोगस आहे." भूपेश खाली मान घालून पॅनलचं झाकण उघडत होता.

भाईदास पुढे झाला.

"सायेब, मशीन बराबर शे. आवाज मीच बंद करेल व्हता. दोनदा."

प्रतिभा सिस्टरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ते पाहणं त्याला डॉक्टरांच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. नोकरी वाचली, पण पॅनलचं काम दुसऱ्याकडे गेलं.

मग तो भिकुबाईच्या खाटेपाशी गेला आणि तिलाही सांगितलं. "माले खोकला आवरत नव्हता रे," एवढंच ती म्हणाली आणि कूस न बदलता आल्याने तिने नुसतं तोंड फिरवलं.

संध्याकाळी भूपेश निघाला, तेव्हा भाईदास फाटकापाशी उभा होता.

"भाऊ, तू शिकवत व्हता त्या दिवशी मी चहाले गया व्हतू. माले सगळं पहिल्यापासून सांग."

भूपेशने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.