नकाशातली रिकामी जागा

"तू हात नको लावूस. शुक्लाजी ठेवतील."

साहेब मराठीत बोलले, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. कच्च्या तेलाच्या नव्या पाइपलाइनला सरकारची मंजुरी आली होती. लखनौच्या आमच्या ऑफिसात पूजा मांडलेली, चौरंगावर नकाशा ठेवायचा होता. नकाशा माझा, ऑफिसातल्या शुक्लाजींचा नव्हे. उन्हातान्हात खुंट्या ठोकत ती सगळी वाट मी पायी फिरले होते. तरी मी हात मागे घेतला. मुकाट्याने घेतला, हेच अजून डाचतं.

प्रसाद झाल्यावर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. शहराबाहेर, सरोजिनी नगरच्या पुढच्या एका वस्तीतून 'हरकत नाही'चे कागद आणायचे होते. म्हणाले, "तूच जा. तुमच्यातलेच आहेत ते, तुझं ऐकतील."

म्हणजे नकाशाला माझा विटाळ, आणि अंगठे आणायला मी चालते! तरी कागद उचलले. गेले.

वस्तीत रामरती नावाची म्हातारी होती. एकटी. तिने बाज टाकली, पाणी दिलं. मी पाठ केलेलं सांगितलं, की पाइप जमिनीखालून जाईल, जमीन तुमचीच राहील, वर पीक घ्या. तिने एवढंच विचारलं, "बिटिया, ऊपर घर तो बनी ना?"

नाही बनणार. पाइपच्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, झाडही लावता येत नाही. तिचा सगळा तुकडा त्या पट्ट्यात आला होता. आणला कोणी? मीच. आधी रेघ शेजारच्या आंब्याच्या बागेतून जात होती. बाग बड्या माणसाची. साहेबांनी वळव म्हटलं, मी वळवली. सर्व्हेत उभं असेल तेच दाखवतात. घर, विहीर, झाड. घरासाठी तिने वर्षानुवर्षं जमवलेल्या विटांचा ढीग कोण दाखवतो? त्या ढिगाला वळसा घालून मी पुढे गेले होते आणि रकान्यात 'रिकामी जागा' लिहून मोकळी झाले होते. गावकुसाबाहेर वाढलेली मी, मी असं लिहिलं. थू माझ्या शिक्षणावर.

म्हातारीने माझ्या भरवशावर अंगठ्याला शाई लावूनही घेतली होती. मी तिचा हात धरला. कागद उलटा केला आणि हिंदीत हरकत लिहिली. इथे घर व्हायचं आहे, रेघ बागेतून होती, ती वळवली, वळवणारी मी. तिला दोनदा वाचून दाखवलं. मग तिचा अंगठा घेतला आणि शेजारी माझी सही केली.

साहेबांनी वाचलं. आवाजही चढवला नाही. "मंजुरी आली आहे. याने काय होणार?"

काहीच झालं नाही. सुनावणीत हरकत फेटाळली. मला फील्डवरून काढून ऑफिसात टेबलाशी बसवलं. यंत्र आलं, विटा बाजूला लोटल्या. रामरती बांधावर बसून बघत होती. मी तिच्याशेजारी उभी होते, आणि माझ्या हातात काहीही नव्हतं.

पाइप जाईल. तो अडवण्याची ताकद माझ्यात नाही. पण कुणी राजीखुशीने जमीन दिली, असं खोटं यापुढे माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. आता मी दर रविवारी त्या रेघेवरच्या पुढच्या वस्त्यांत जाते. हरकत कशी लिहायची ते शिकवते. नोकरी जाईल, जाऊ दे. शिकवणार.