सुपात उरलेल्या शेंगा

मंदाकिनीताई बिराजदार यांची आणि माझी ओळख एका फाटक्या पुस्तकामुळे झाली. मी तेव्हा सायकलच्या हँडलला दोन पिशव्या अडकवून घरोघर कादंबऱ्या भाड्याने देत असे. बिराजदारांकडे नवी सून आली आहे आणि तिला वाचायचा नाद आहे, असे शेजारच्या बाईंनी सांगितले, म्हणून त्या घरी जाऊ लागलो. एकदा ताईंनी परत केलेले पुस्तक घरी येऊन चाळले, तर शेवटी काहीतरी जाडजूड लागले. त्या कादंबरीची शेवटची पाने कधीच गळून गेली होती. ताईंनी नवी पाने शाईने लिहून गव्हाच्या खळीने चिकटवून दिली होती. नायक-नायिकेची भेट, भांडण, समजूत, सगळे त्यात होते.

माझा जीव घाबरा झाला. पुस्तक बिघडले, आता गिऱ्हाईक तोंड वाजवणार. लगेच सायकल काढून त्यांच्या दारात गेलो.

"वहिनी, हे काय करून ठेवलंत?"

"मला शेवट कळला न्हाय, तर मला झोप लागली न्हाय," ताई म्हणाल्या. "म्हटलं, पुढच्या बाईला तरी लागू दे."

पुढच्या बाईंनी पुस्तक परत देताना मला थांबवले. मी ऐकून घ्यायची तयारी केली, तर त्या म्हणाल्या, "नागूभाऊ, ह्या लेखिकेचं अजून काय हाय का तुमच्याकडं? सुरुवात जरा रटाळ हाय, पर शेवट लई ग्वाड." हा निरोप मी ताईंना पोचवला. त्यानंतर त्यांनी शेवटापासून नव्हे, सुरुवातीपासून लिहायला घेतले.

ताईंच्या गौरवग्रंथाच्या समितीने मला लेख मागितला आणि मी फार उशीर केला, याबद्दल मंडळी माझ्यावर रागावली आहेत. तो राग रास्त आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, मला लिहायला वेळ लागणारच, असे त्यांना वाटले असेल. कारण वेगळे होते. लेख मागितला तेव्हा ताईंचे लिहिणे बंद पडले होते. हातातली कादंबरी अर्ध्यावर सोडून देते, असे त्या बोलू लागल्या होत्या. समिती गौरवाची तयारी करत होती आणि मला एकच घोर लागला होता, की ताई पुन्हा कागदाला हात लावतील की नाही. ते कळल्याशिवाय मला एक ओळ सुचेना.

ताई कशा लिहितात, ते मी पाहिलेले आहे. त्यांना टेबल-खुर्ची कधी लाभली नाही. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, पिठाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून त्या उभ्याने लिहीत. कागद म्हणजे परीक्षेचे उरलेले पेपर. त्यांचे पती, आपले बिराजदार सर, शाळेत गणित शिकवत आणि उरलेले पेपर घरी आणत. त्यामुळे ताईंच्या हस्तलिखितात पानाच्या एका बाजूला चक्रवाढ व्याज असे आणि दुसऱ्या बाजूला चांदण्यातली भेट. वर ज्वारीचे पीठ. सासूबाई होत्या तोवर आतून हाक येई, "मंदे, तुज्या नायकाला वाईच थांबीव, भाकरी करपतीया." ताई नायकाला थांबवून भाकरी उलटत आणि मग पुन्हा त्याच वाक्यापासून सुरुवात करत. दोन मुलांची आजारपणे, पाहुणे, सासूबाईंचे अंथरुणावरचे दिवस, यातले काही टाळून त्यांनी लिहिल्याचे मला आठवत नाही. लिहिणे टाळल्याचेही आठवत नाही.

सर ताईंच्या पुस्तकांविषयी चारचौघांत कधी काही बोलले नाहीत. लोकांना वाटे, त्यांना ते आवडत नसावे. खरी गोष्ट अशी की, ताईंच्या प्रत्येक प्रकरणाचा निकाल सरच देत.

सर मूळचे दुधनीकडचे. तिथल्या शेतातून दर सुगीला भुईमुगाच्या शेंगांची पिशवी येते. संध्याकाळी सर सूप मांडीवर घेऊन चटणीसाठी शेंगा फोडत बसत आणि ताई समोर बसून नवे प्रकरण मोठ्याने वाचत. सर मान वर करत नसत. वाचन रंगले की मात्र त्यांचे हात थांबत. कंटाळा आला की शेंगा पुन्हा कटकट फुटू लागत. प्रेमाचा प्रसंग फार लांबला तर तेवढा एक शब्द कानडीत येई, "साकु." म्हणजे पुरे. वाचून झाल्यावर ताई सुपात बघत. शेंगा उरलेल्या दिसल्या तर प्रकरण छापायला जाई. सगळ्या फुटलेल्या असल्या तर ताई कागदावर काट मारत आणि दाणे भाजायला घेत. असे एकेक प्रकरण त्यांनी चार-चारदा लिहिले आहे. त्या घरची शेंगाचटणी ज्या वर्षी जास्त झाली, त्या वर्षी कादंबरीला उशीर झाला, हा माझा अनुभव आहे.

हस्तलिखित पुण्याला पोचवायचे काम माझ्याकडे असे. टपालावर माझा भरवसा नव्हता. पिशवीचा बंद मनगटाला बांधून मी गाडीत बसे. जेऊरला गाडी थांबली की डब्यातले लोक चहाला उतरत. मी जागचा हलत नसे. चहा चुकलेला बरा, कागद हरवलेले नकोत. एकदा प्रकाशकांनी निरोप दिला, की नायकाला मोटार द्या आणि गोष्ट पुण्यात घडू द्या, म्हणजे खप वाढेल. मला वाटले, आता पुस्तक अडणार. तो निरोप मी जड मनाने सांगितला. ताई भाजी निवडत होत्या.

"त्यांना सांगा, नायकाला सायकल दिलीय, तीसुद्धा भावाची हाय. आणि माझ्या नायिकेचा पगार टॉवेलच्या कारखान्यातला. तिला पुण्यातलं भाडं झेपत न्हाय."

पुस्तक तसेच छापले गेले. कष्टाची माणसेच एकमेकांवर खरा जीव टाकतात, असे ताईंना वाटते आणि त्या तसेच लिहितात. मोठेपणासाठी त्यांनी एका पात्रालाही खोटे वागायला लावले नाही.

माझ्यावर त्यांनी केलेल्या उपकारांतला एकच सांगतो. घरोघर टीव्ही आले आणि माझी गिऱ्हाइके गळाली. गल्लीच्या तोंडाशी घेतलेले दुकान बंद करायची वेळ आली. तेव्हा ताई शनिवारी दुपारी तिथे येऊन बसू लागल्या. आसपासच्या तेलुगू बायका विड्यांची सुपे घेऊन येत. त्यांना मराठी समजे, वाचता येत नसे. त्या विड्या वळत आणि ताई वाचून दाखवत. वाचता वाचता कुणीतरी मध्येच म्हणे, "अक्का, त्या पोरीचं लगीन लावा की आता, किती दिवस घरात ठेवता?" मग त्यांच्या लेकी पुस्तके न्यायला येऊ लागल्या. माझे दुकान अजून उघडे आहे, ते त्या शनिवारांमुळे.

आता मधल्या कठीण दिवसांविषयी. सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. ताईंच्या सूनबाई पल्लवी यांनी सासऱ्यांची जी सेवा केली, तिला तोड नाही. सरांच्या जिवाला लागेल अशी एकही वस्तू त्यांनी समोर राहू दिली नाही. सूप माळ्यावर टाकले. दाणे बाजारातून सोललेले आणू लागल्या. दुधनीची पिशवी टेम्पोवाला नेहमी माझ्या दुकानात उतरवतो. ती आली, तेव्हा पल्लवी माझ्याकडे आल्या.

"नागूकाका, ह्या शेंगा घरी आणू नका. बाबांनी बघितल्या तर त्यांना हाताची आठवण येईल. आईंना पण सांगू नका, त्यांना आधीच कमी ताप हाय का?"

मला ते पटले. कुणालाही पटले असते. पिशवी मी टेबलाखाली सरकवून ठेवली.

तिकडे ताई इस्पितळाच्या व्हरांड्यात, औषधांच्या वेळा सांभाळून लिहीतच होत्या. घरी आल्यावर मात्र त्या मला म्हणाल्या, "नागूभाऊ, लिहिते खरी, पर बरं हाय का वाईट, तेच कळंना झालंय." मी म्हटले, मला वाचून दाखवा. त्यांनी दाखवले. मी छान म्हटले. पल्लवींनीही छान म्हटले. ताई कागद गोळा करत म्हणाल्या, "तुमी सगळ्यालाच छान म्हणता." काही दिवसांनी त्यांनी मला पुण्याला फोन करायला सांगितले. कादंबरी होणार नाही, वाट बघू नका, एवढाच निरोप होता. मी फोन केला नाही. रोज सकाळी मोबाइल हातात घेई आणि ठेवून देई. एकदा तो निरोप गेला, की ताई त्या कागदांकडे परत वळणार नाहीत, ही भीती मला खात होती.

अशात या लेखासाठी काही माहिती विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. सर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. पल्लवी त्यांना औषध देत होत्या.

"फोन केला का?" ताईंनी विचारले.

"करतो."

"उद्या नक्की करा." मग म्हणाल्या, "यंदा दुधनीच्या शेंगा आल्या न्हाईत का?"

मी पल्लवींकडे बघितले. त्यांनी मान हलवून मला खुणावले. पण ताई माझ्याकडेच बघत होत्या.

"आल्यात," मी म्हणालो. "माझ्या टेबलाखाली हायेत."

"काका!" पल्लवी म्हणाल्या.

"आणि सूप कुटं हाय?" ताईंनी सुनेला विचारले.

"माळ्यावर. आई, नका ना. बाबांना किती वाईट वाटंल. हात चालत न्हाय त्यांचा."

"एक चालत न्हाय," ताई म्हणाल्या.

मी पिशवी आणली. ताईंनी सूप पुसून त्यात ओंजळभर शेंगा घातल्या आणि सरांच्या मांडीवर ठेवले. सरांनी सुपाकडे पाहिले, आपल्या उजव्या हाताकडे पाहिले आणि तोंड खिडकीकडे फिरवले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बघा. मी सांगत नव्हते?" पल्लवी सूप उचलायला पुढे झाल्या.

"राहू दे." ताईंनी सुनेला अडवले. मी दाराची चौकट धरून उभा होतो. आपण हे काय करून बसलो, असे मला झाले. ताईंनी चष्मा लावला, इस्पितळात लिहिलेले प्रकरण काढले आणि वाचायला सुरुवात केली.

त्या प्रकरणात नायक बऱ्याच वर्षांनी परत येतो आणि नायिका त्याच्यासमोर रडते. पहिले पान झाले. सरांचे हात मांडीवर गप्प होते. पूर्वी हे बघून मला धीर आला असता. आता गप्प हातांना काहीच अर्थ नव्हता. ताई प्रत्येक पानाच्या शेवटी सुपाकडे बघत आणि पुढे वाचत. त्यांचा आवाज उतरत चालला. शेवटचे पान हातात आले, तेव्हा मी मनाशी म्हटले, झाले, उद्या पुण्याला फोन करावा लागणार.

कट्.

सरांचा डावा हात सुपात होता. अंगठा आणि बोट यांच्यात दाबून त्यांनी शेंग फोडली होती. एक दाणा सुपात पडला, दुसरा फरशीवर घरंगळत गेला. पुढची शेंग बोटांतून निसटली. त्यांनी ती पुन्हा चाचपून उचलली आणि फोडली.

"आई! बाबांनी शेंग फोडली!" पल्लवी एकदम रडू लागल्या आणि सरांच्या पायांशी बसल्या. मीही हात जोडले. ताई तेवढ्या चष्म्यावरून सरांकडे रोखून बघत होत्या.

"आवडलं न्हाय," त्या म्हणाल्या.

कट्.

"कुटं बिघडलं? ती रडते तितं?"

कट्.

"लई रडवली का मी तिला?"

सरांची जिवणी एका बाजूने वर गेली. घशातून काहीतरी घरघरले आणि अर्धाच शब्द बाहेर आला, "सा..."

"साकु," ताईंनी तो पुरा केला आणि त्या हसल्या. सर आजारी पडल्यापासून त्यांना हसताना मी पाहिले नव्हते. हसता हसता त्यांनी त्या सगळ्या पानांवर काट मारली. पल्लवी बघतच राहिल्या. "अहो आई, चांगलं होतं की ते!"

"चांगलं न्हवतं. तुमी दोघं खोटं बोलत होता, हे खरं बोलले." मग माझ्याकडे हात पुढे केला. "नागूभाऊ, कोरे कागद द्या. आणि पुण्याला सांगा, उशीर हाय."

तो फोन मात्र मी त्यांच्या दारातूनच केला.

आता संध्याकाळी सूप पुन्हा सरांच्या मांडीवर असते. डाव्या हाताने शेंगा हळू फुटतात, म्हणून ताईंना निकालासाठी जास्त थांबावे लागते. रडण्याचे ते प्रकरण त्यांनी नव्याने लिहिले. तेही पडले. गेल्या आठवड्यात मी गेलो, तेव्हा वाचन नुकतेच संपले होते. सूप भरलेले होते, एकही टरफल दिसत नव्हते आणि पल्लवी सगळ्यांसाठी चहा टाकत होत्या. त्या प्रकरणात नायिका रडत नाही. परत आलेल्या नायकाला ती आधी जेवायला वाढते.

समारंभाच्या दिवशी नवी कादंबरी हातात येईल का, असे समितीने विचारले आहे. मी शब्द देऊ शकत नाही. ते सरांवर आहे. पुढच्या सुगीची पिशवी आली, की ती मी टेबलाखाली न ठेवता थेट घरात पोचवीन, एवढा शब्द देतो.

मंदाकिनीताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो आणि त्यात सरांची सोबत असो. न आवडलेल्या प्रकरणाला शेंग फोडण्याइतका जोर सरांच्या डाव्या हातात राहो, आणि तेच प्रकरण पुन्हा लिहायला घेण्याइतका ताईंच्या.