बाने नंदिताला सांगितलं ते

बा वारला तेव्हा मी बडोद्यात होते. सकाळी दादाचा फोन आला. मी बॅग भरली, स्टेशनवर गेले, गाडीत बसले. खर्डीला उतरले तेव्हा दादा फलाटावर उभा होता. तो म्हणाला, "झालं सगळं. थांबता नाय आलं." आम्ही रिक्षाने घरी गेलो.

याच फलाटावर काही वर्षांपूर्वी बा मला सोडायला आला होता. आई आली नाही. ती दारातूनच आत वळली होती. लग्नकार्यात घालायचा सदरा बाच्या अंगात होता आणि माझी बॅग त्याने खाली टेकू दिली नव्हती. मी शहापूरहून बारावी झाले होते आणि आमच्या चित्रकलेच्या बाईंनी खटपट करून मला बडोद्याच्या विद्यापीठात कलेतिहासाला प्रवेश मिळवून दिला होता. घरात कुणालाच तो विषय नीट कळला नव्हता. गाडीला वेळ होता म्हणून बाने विचारलं,

"काय शिकवतात गो तिथं?"

"जुनी चित्रं, मूर्ती, देवळं. कुणी केली, कधी केली."

"करणाऱ्यांची नावं ठाव हायत?"

"बऱ्याच जणांची नाहीत."

"मग तीन वरसं काय करणार?" असं म्हणून तो स्वतःच हसला, आणि बाजूच्या बाकावरच्या माणसाला म्हणाला, "पोरगी बडोद्याला चालली. शिकाया."

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना बोहाडा सांगायला नको. जे माझ्यासारखे लांब गेले आणि ज्यांची मुलं हे वाचतील, त्यांच्यासाठी लिहिते. होळी झाली की आमच्याकडे बोहाडा होतो. माणसं देवादानवांची सोंगं घेऊन नाचतात, पुढे संबळ आणि पिपाणी वाजते. कुठलं सोंग कुणी घ्यायचं हे घरागणिक ठरलेलं असतं, त्याला मान म्हणतात. आमच्या घराचा मान त्राटिकेचा. तिचा मुखवटा, ज्याला आम्ही घरात नुसतं तोंड म्हणतो, कागदाचा लगदा आणि चिंचोक्याची खळ यांचा केलेला आहे. चिंचोके वैशाखऱ्याहून येत, मामाच्या दारच्या चिंचेचे. बा ते तोंड दर वर्षी नव्याने रंगवायचा आणि घालून नाचायचा. मान बापाकडून मुलाकडे जातो, मुलीकडे नाही. हे मला लहानपणीच कळलं होतं, आणि त्याचं वाईट वाटल्याचं आठवत नाही.

कारण रंगवण्यात माझी एक जागा होती. डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. त्या वेळी तोंडासमोर कुणीतरी बसावं लागतं, नाहीतर ती कुठंही बघत राहते, असं बा म्हणायचा. समोर मी बसायचे. "हलू नको," तो म्हणायचा. "ती तुझ्याकडं बघाया शिकते." मी श्वास धरून बसायचे. दादाला कधी बसवलं नाही. तो हलायचा.

बडोद्यात पहिले महिने मी फारसं बोलले नाही. मेसमध्ये डाळ गोड, वर्गात अंधार आणि भिंतीवर स्लाइड. सर नाव न सांगता चित्र दाखवायचे आणि काळ विचारायचे. नंदिता माझ्या शेजारी बसायची. ती दिल्लीची. तिच्या घरी कलेच्या पुस्तकांची एक वेगळी खोली होती आणि लहानपणापासून सुट्टीत तिला संग्रहालयं दाखवायला नेत असत. चित्रकारांची नावं मी पाठ करायचे, तिला ती आठवायची. एवढा फरक मला सहन होत होता. तो अभ्यासाने भरून निघेल असं वाटत होतं, आणि थोडा निघालाही.

मग एके दिवशी सरांनी नेत्रोन्मीलन शिकवलं. मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, तो विधी. मेसमध्ये मी नंदिताला सांगितलं की आमच्या घरी असंच करतात आणि समोर मी बसते. तिने चमचा खाली ठेवला. "तुमच्या घरी? अजून?" ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले. जेवण गार झालं. बडोद्यात कुणी माझं इतकं लक्ष देऊन ऐकण्याची ती पहिलीच वेळ होती. मला फार बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

तिसऱ्या वर्षाला प्रत्येकाने एक लहान प्रबंध लिहायचा होता. मी मुघल चित्रांमधल्या बागा निवडल्या. इतक्या लांब येऊन पुन्हा घराबद्दलच लिहायचं हे माझ्या मनातही आलं नाही. नंदिताने आमची त्राटिका निवडली. सरांनी मला विचारलं, तुझी हरकत नाही ना? मी म्हटलं, नाही. नव्हतीच.

होळीच्या सुट्टीत ती माझ्याबरोबर घरी आली. तिला मराठी येत नव्हतं, म्हणून मी दुभाषी. पडवीत दुपारी बा तोंड मांडीवर घेऊन बसला, नंदिता समोर, मधे तिचा रेकॉर्डर, आणि बाजूला मी. कल्याणच्या बांधकामांवर काम करून बाने थोडं हिंदी कमावलं होतं, ते त्याने बाहेर काढलं. दर वर्षी रंग का देता, जुना रंग झाकला जातो ना, असं नंदिताने विचारलं. बाने तिच्याकडे बघितलं.

"तुम रोज तोंड धोता के नय?"

"धोती हूँ, काका."

"हां. ये साल में एक बार धोती."

नंदिता इतकी हसली की तिला रेकॉर्डर खाली ठेवावा लागला. मीही हसले, पण जरा मागून. बा विनोद करतो हे मला ठाऊक होतं. मी काही विचारल्यावर उत्तर म्हणून त्याने कधी केला नव्हता.

हिंदी संपलं की तो आमच्या बोलीत शिरायचा आणि मी इंग्रजीत सांगायचे. गावात आमच्या घराला 'लांब जिभेचे' म्हणतात. लहानपणी पोरं मला चिडवायची. मला वाटायचं, आजी भांडखोर होती म्हणून. त्या दुपारी बाने नंदिताला सांगितलं की पोरवयात त्याने पहिल्यांदा तोंड घडवायला मदत केली तेव्हा लगदा उरला, आणि टाकायचा कशाला म्हणून त्याने तो सगळा जिभेला लावला. जीभ हनुवटीच्या खाली आली. आजोबांनी त्याला मारलं, पण जीभ तशीच ठेवली. त्या वर्षी सगळं गाव हसलं आणि नाव पडलं ते पडलंच. "तवापासून आमी जिभेवाले," बा म्हणाला. मी हे इंग्रजीत सांगत होते आणि वाक्य पुरं होईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की मीही हे आत्ताच ऐकते आहे. नंदिताच्या आधी, पण एका वाक्यानेच आधी.

त्यानंतर तीन दुपारी तो बोलला. आजोबा, पाऊस न पडलेलं साल, सोंग अंगात घेतल्यावर पायांना काय होतं, खळ आंबली तर काय करायचं. पाहुण्याशी बोलतो तसा, सावकाश, शब्द निवडत. मधेच मला म्हणायचा, "बराबर सांग गो तिला." तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमच्याशी तो तोंडात विडी धरून, अर्धं वाक्य गिळून बोलायचा.

डोळ्यांची वेळ आली. मी हातातला कप ठेवला आणि उठून समोर जाऊ लागले.

"सवी, तू मधून सर," बा म्हणाला. "हिला बसू दे. पावणी हाय."

त्याने हाताने समोरची जागा दाखवली, तशी नंदिता माझ्याकडे बघून "खरंच?" असं खुणेनं विचारत होती. मी मान हलवली. ती बसली. चांगली बसली, अजिबात हलली नाही. मी फोटो काढले. तिला हवे होते.

जेवताना मी बाला विचारलं, "लांब जिभेचं मला का नाही सांगितलंस कधी?"

"तू कव्हा इचारलं?"

"तिने विचारलं म्हणून सांगायचं?"

"मंग? तिला ठाव नाय. तुला काय सांगायचा? तू घरचीच." आणि आईला म्हणाला, "हिला वाढ गो, नुसती बघत बसली."

त्याला यात माझा मान वाटत होता. मला तो तेव्हा नको होता.

नंदिताचा प्रबंध वर्गात सगळ्यात चांगला ठरला. मुखपृष्ठावर त्राटिका होती, मी काढलेला फोटो. आभारात माझं नाव दोनदा होतं. त्या प्रबंधाच्या जोरावर तिला लंडनमध्ये पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. मी बडोद्यातच एम.ए.ला राहिले. माझ्या बागा बऱ्या होत्या. सर म्हणाले, नेटक्या आहेत.

मग बा गेला. घरी दहाव्याची तयारी चालली होती तेव्हा नंदिताने त्याच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं. लिहिलं चांगलं होतं. बा मांडीवर तोंड घेऊन हसतो आहे असा फोटो होता. खाली तिच्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी तिचं सांत्वन केलं होतं. तुझं दुःख आम्ही समजू शकतो, असं कुणी लिहिलं होतं. मी पडवीत बसून ते एकेक वाचत होते आणि आत बायका रडत होत्या. मला रडू येत नव्हतं. नंदिताने फोन केला तेव्हा ती रडली. मी तिला "असू दे" म्हणत राहिले.

तिचं काही चुकलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने काही चोरलं नाही. जे मागितलं ते मिळालं, आणि मिळालेलं तिने नीट जपलं. आमच्या घरात बाचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. दादाच्या फोनमध्ये त्याचे नाचतानाचे व्हिडिओ होते, पण त्यात तोंडावर तोंड आणि आवाज संबळाचा. बाचा आवाज फक्त तिच्याकडे होता. स्वतःच्या बापाचा आवाज दुसऱ्याकडे मागायचा, हे मला जमेना. पाऊस येऊन गेला, भातं कापून झाली, तोवर मी कितीदा तरी लिहिलं आणि पुसलं.

शेवटी मागितला. तिने त्याच दिवशी सगळं पाठवलं आणि लिहिलं, हे तुझंच आहे, मीच आधी पाठवायला हवं होतं. यावरही मला राग आला.

हॉस्टेलच्या खोलीत दार लावून मी ते ऐकते. रोज थोडं. बा बोलतो, मग माझा आवाज इंग्रजीत येतो, मग नंदिता "हं" म्हणते. ऐकताना सोबत तिचा प्रबंध उघडा ठेवते, कारण मागे सगळ्या मुलाखती उतरवलेल्या आहेत. त्यात जागोजागी कंसात एक ओळ येते: येथे घरगुती बोलणे, अनुवाद केलेला नाही. तिथे रेकॉर्डिंगमध्ये रंग वाळायची वाट बघत बा माझ्याशी बोलतो आहे. कोंबडी कुठे अंडी घालते ते सापडत नाही. दादा फास्ट लोकल पकडायला धावतो, पडल एक दिवस. तुझे केस गळतात का गो, पाणी खारं असल तिकडलं. मी "हं, हं" करते आहे. एका ठिकाणी तो विचारतो, "तुला तिकडं कोण घरचं वाटतं का?" आणि मी म्हणते, "ही आहे ना." मी नंदिताबद्दल बोलत होते. बा म्हणतो, "मंग बरा हाय."

हे बोलल्याचं मला आठवत नव्हतं. तीन-चार दिवस मी पुढचं ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात नंदिताचं पत्र आलं. ती हा विषय पुढे नेते आहे आणि ते कंसातले भाग तिला आता हवे आहेत. मी अनुवाद करावा, माझं नाव तिच्या नावाच्या शेजारी येईल. मी मुखवट्याबद्दलचं जे जे तेव्हा घाईत गाळलं गेलं होतं ते नीट लिहून तिला पाठवलं. कंसातलं पाठवलं नाही. तो भाग घरचा आहे, असं कळवलं. तिने लिहिलं, अर्थातच, मी विचारायलाच नको होतं.

यंदा सुतकाचं वर्ष म्हणून त्राटिका निघाली नाही. पुढच्या वर्षी दादा ती घालेल. मान त्याचा आहे. मी सुट्टीत खर्डीला उतरते, दादा घ्यायला येतो, आई शेजारच्या बाईला ओरडून सांगते की सवी आली. मग चहा होतो आणि मला कुणी काही सांगत नाही, कारण मी घरचीच. आता मी विचारते. आईला विचारते, दादाला विचारते. ते सांगतात, पण त्यांना सगळं ठाऊक नाही.

बाचं घरातलं बोलणं माझ्याकडे राहिलं आहे. त्याने पाहुणीला सांगितलं तेही माझ्याकडे आहे, पण ते तिला सांगितलेलं आहे. मला ते मला सांगितलेलं हवं होतं.