पुण्याहून परत आलेला दिवा

गाडीला कुलूप घालून मालक निघून गेला की डॅशबोर्डवर एक बारका दिवा उघडझाप करत राहतो. कुणी दार हिसकलं तर भोंगा वाजतो आणि गाडीचे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागतात. असा अलार्म मी सोलापुरात बनवतो. सांगायला तीन वाक्यं पुरली, पण त्या बारक्या दिव्यानं माझी दोन वर्षं खाल्ली आणि माझी खोडही मोडली.

माझा पहिला दिवा लाल-निळा होता. तो बघून चोरानं लांबूनच पळावं, एवढाच विचार त्यामागं होता. होटगी रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाइकं दिवा बघून खूश व्हायची, "लई भारी दिसतंय की!" म्हणायची आणि गाडी पळतानाही तो चालूच ठेवा म्हणून मागं लागायची. मीही ठेवून द्यायचो. गिऱ्हाईक खूश तर मी कोण नियम शिकवणारा?

नियम शिकवणारे एका दुपारी स्वतःच चालत आले. आरटीओतून निवृत्त झालेले, मूळचे वैरागकडचे एक साहेब त्यांच्या जुन्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करायला आले होते. दुकानातला दिवा त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो तुमीच बसवता व्हय?"

"होय साहेब. तुमच्या गाडीलाही बसवू?"

"मला नगं. आन् दुसऱ्यालाबी बसवू नगा." मग त्यांनी स्टूल ओढलं. "गाडीचा लाल दिवा मागं असतोय. पुढनं लाल दिसला, की समोरच्याला वाटतंय गाडी पाठमोरी हाय, आपल्याकडं येतच न्हाय. अंधारात त्यो कुटं जाऊन धडकंल, सांगा की. आन् निळा दिवा बघून लोक अॅम्ब्युलन्स म्हणून वाट देत्यात. तुमी काय पेशंट नेताय?"

मला राग आला. खोटं कशाला बोलू, "नोकरीत असताना हे सांगत फिरला असतात तर बरं झालं असतं," असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. ते नुसते हसले, आणि दुसऱ्या दिवशी नियमांचं जाडजूड पुस्तक काखोटीला मारून परत आले. त्यानंतर वर्षभर ते येत राहिले. चहाशिवाय त्यांनी माझ्याकडून काही घेतलं नाही. असा माणूस आयुष्यात भेटणं हे भाग्यच, पण तेव्हा मला ती साडेसाती वाटली होती.

हे दिवे बनवणंच बंद करून टाकावं, असंही मनात आलं होतं. पण दुकानाच्या मागच्या खोलीत तीन बाया हे अलार्म जोडत होत्या. तिघीही तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांतल्या, वर्षानुवर्षं घरी बिड्या वळलेल्या. बिडीच्या पानावर बसलेली बोटं बारक्या तारांवर अशी चालायची की मी बघत राहायचो. त्यांतल्या सगळ्यात थोरलीला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. तंबाखूच्या धुळीनं तिला खोकला लागला होता. "हे काम बारमाही आहे, बिड्या सोडा," असा शब्द मी तिघींना दिला होता. आणि एका शोरूमवाल्यानं मला सांगितलं होतं, पुण्याला गाड्यांचे भाग तपासतात, तिथलं प्रमाणपत्र आणा, नव्या गाड्यांत तुमचाच अलार्म बसवू. प्रमाणपत्र मिळालं तर खोली चालणार, नाहीतर तिला कुलूप. आणि त्या तिघी पुन्हा बिड्यांकडे.

मग सगळं नव्यानं मांडलं. दिवा पिवळट केला, मंद केला, गाडीच्या आतल्या बाजूला वळवला. त्याच्यावर दुधी, खरखरीत काच बसवली, म्हणजे उजेड डोळ्यांत घुसणार नाही. किल्ली फिरवली की दिवा विझलाच पाहिजे, अशी तार जोडली. बाहेरच्या बाजूला नवा दिवा म्हणून एकही नाही, गाडीचेच इंडिकेटर त्यांच्याच ठेक्यात लुकलुकवायचे. साहेब प्रत्येक नमुना बघायचे आणि मान हलवायचे, कधी आडवी, कधी उभी.

नमुना पुण्याला पाठवायच्या दिवशी मी खोकं आणायला बाहेर गेलो, तेवढ्यात मागच्या खोलीत पूजा झाली. आमच्याकडे नवी शिलाई मशीन आली तरी तिला आधी हळदकुंकू लागतं, मग हा तर पुण्याला परीक्षेला निघालेला. कुंकू कपाळाला लावायचं, आणि अलार्मच्या त्या डबीचं कपाळ म्हणजे नेमकी ती दुधी काच! अक्कानं तिच्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं चांगलं बोट टेकवलं होतं. मी परत आल्यावर ते फडक्यानं पुसलं, डबी खोक्यात घातली आणि पाठवून दिली. दिवा लावून बघायचं काही मला सुचलं नाही.

काही दिवसांनी नमुना परत आला. सोबत कागद होता. काचेत रंग मुरलेला आहे, प्रकाश लालसर पडतो, नामंजूर.

माझा तोल सुटला. बाकीच्या दोघींच्या देखत मी अक्कावर तोंडाचा पट्टा सोडला.

"चांगलं व्हावं म्हणून लावलं ओ दादा," ती म्हणाली. "पूजा न करता कसं पाठवायचं?"

"तुमच्या पूजेनंच वाटोळं केलं माझं! वर्षभराची मेहनत गेली बोटभर कुंकवात."

तिनं तारा जोडायच्या तापत्या कावियाची पिन बोर्डातून काढली, पदर अंगाभोवती घट्ट घेतला आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी निरोप पाठवला नाही. मी मालक ना!

काच बदलून डबी पुन्हा पाठवायच्या बेतात होतो, तर साहेब म्हणाले, "आदी माझ्या गाडीत बसवा की. टेबलावर समदंच चालतंय."

बसवली. चौकात तमाशा नको म्हणून भोंगा तेवढा काढून ठेवला. साहेब चालवत होते, मी शेजारी. होटगी रोडवर उजवीकडे वळायच्या ठिकाणी त्यांची गाडी बंद पडली. त्यांनी किल्ली फिरवून ती पुन्हा चालू केली, उजवा इंडिकेटर दिला आणि वळवली. तेवढ्यात मागून उजव्या अंगानं एक मोटरसायकल सुसाट आली. साहेबांनी करकचून ब्रेक दाबला. ती वीतभर अंतरावरून गेली. चालवणारा पोरगा पुढं जाऊन थांबला आणि ओरडला, "चारी बत्त्या लावून वळतंय का कोण? आमी समजायचं काय?"

मी खाली उतरून पाहिलं. चारही इंडिकेटर लुकलुकत होते. आत टिकटिक तीच, त्यामुळं आम्हाला पत्ता नव्हता.

गाडी कडेला घेतल्यावर मला सगळं उमगलं. इंजिन चालू होताना स्टार्टर बॅटरीतली सगळी ताकद ओढून घेतो, आणि साहेबांची बॅटरी तर जुनी, दमलेली. त्या क्षणी माझी डबी उपाशी पडून विझली, आणि पुन्हा जागी झाली तेव्हा तिला वाटलं, गाडीला कुलूप आहे आणि हा कोणी चोर आहे. टेबलावरच्या बॅटरीला स्टार्टर कुठला? वर्षभरात मी एकदाही दमलेल्या बॅटरीवर ती तपासली नव्हती. पुण्यात हा दोष कदाचित सापडला असता, कदाचित नसता. सापडला नसता तर काचेवर डाग नसलेली ती डबी पास होऊन नव्याकोऱ्या गाड्यांत बसली असती. अंगणाला वाकडं म्हणणारा मी, नाच मलाच येत नव्हता.

पुढं तो दोष मी काढून टाकला, दिवा पुण्यात पास झाला आणि मागची खोली अजून चालू आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. पूजाही होते, कुंकू आता खोक्याला लागतं. त्या दोघांचे उपकार मी विसरू शकत नाही, साहेबांचे आणि अक्काचे. साहेबांना मी ते सांगूनही टाकलं, तर "चहा सांगा" म्हणाले. अक्काला सांगणं जड होतं.

रस्त्यावर ते घडलं त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. ती दारातच बसली होती, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. खोकत होती. मी उंबऱ्याजवळ टेकलो आणि रस्त्यावर झालेलं सगळं सांगितलं. चूक माझी होती, म्हणालो. तुमचं कुंकू लागलं म्हणून ती डबी माघारी आली, नाहीतर काय झालं असतं ते सांगवत नाही, तुम्हाला बोललो त्याची मला लाज वाटते.

तिचे हात थांबले. "त्या पोराला लागलं काय?"

"नाही."

"ती डबी मीच जोडली व्हती ओ दादा."

"जोडणी बरोबर होती, अक्का. आखणीच माझी चुकली होती."

"ते मला कुटं कळणार? पोराला काय झालं असतं, तर मी जलमभर माज्याच हाताला बोल लावला असता."

डाग दिसल्याबरोबर मी दुसऱ्याच्या हाताला बोल लावला होता, आणि ही बाई माझी चूक स्वतःच्या हातावर घ्यायला बसली होती. तिनं उठून मला तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पिऊन होईपर्यंत ती उभी राहिली आणि मग रिकामा तांब्या घेत म्हणाली, "सकाळी किती वाजता येऊ?"