विहिरीकाठचं झाड आणि एक्सएमएल

आयुष्यात माझी वाचा दोनदाच बसली. एकदा अजमानच्या पुढे माझ्या व्हॅनसमोर एक उंट येऊन बसला आणि दुपार कलली तरी उठेना तेव्हा, आणि दुसऱ्यांदा मी एक्सएमएल शिकलो तेव्हा. उंटाचं एक वेळ मी समजू शकतो.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात वहिनींचा लोणची-मसाल्यांचा छोटा कारखाना होता. वहिनी म्हणजे आमच्या मालकीणबाई, रत्नागिरीकडच्या. त्यांना सगळे वहिनी म्हणत, त्या मला भावजी म्हणत. मी त्यांचा ड्रायव्हर, सेल्समन आणि तोंड. त्यांचं कैरीचं लोणचं मी अजमानपासून अल ऐनपर्यंत खपवायचो, आणि माझं हुकमी हत्यार एकच होतं, झाड. ही कैरी साधीसुधी नव्हे, वहिनींच्या वडिलांनी विहिरीकाठी लावलेल्या झाडाची, हे खुद्द वहिनींनीच मला पहिल्या दिवशी सांगितलेलं. तेव्हा ते झाड बेताचं होतं. दुकानागणिक मी ते वाढवत नेलं. शेवटी शेवटी त्याच्या सावलीत अख्ख्या लग्नाची पंगत उठायची आणि विहिरीचं पाणी वर्षभर आंबट लागायचं. कोकणातली म्हातारी गिऱ्हाइकं डोळे टिपत एकाच्या जागी दोन बाटल्या न्यायची.

अशात एका मोठ्या सुपरमार्केटचा निरोप आला. यापुढे मालाची माहिती कॉम्प्युटरवरच्या एक्सएमएल फाइलमध्येच घेऊ, ज्याला जमणार नाही त्याची दुकानातली फळी खलास. आमचा अर्ध्याहून जास्त माल त्या फळ्यांवरून जायचा. त्या गेल्या असत्या तर कारखान्याला कुलूप लागलं असतं. त्यांनीच अबुधाबीच्या हेड ऑफिसात ट्रेनिंग ठेवलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, तोंड फार चालवलंत. आता बोटं चालवा.”

कॉम्प्युटरवर मी तोवर फक्त पत्त्यांचा डाव लावला होता. ट्रेनिंगच्या खोलीत एसी असा की पेंग्विनने शाल मागितली असती. शिकवायला एक मल्याळी मॅडम होत्या. आवाज लोण्यासारखा, काळीज तहसीलदाराचं. त्यांनी इंग्रजीत जे सांगितलं ते मी मनात असं उतरवून घेतलं: माहितीचा प्रत्येक तुकडा एका डब्यात ठेवायचा, डब्यावर नाव लिहायचं, आणि उघडलेल्या प्रत्येक डब्याचं झाकण लावायचं. डब्यात डबा असेल तर झाकण आधी आतल्याचं, मग बाहेरच्याचं. आणि सगळे डबे मिळून एकाच मोठ्या डब्यात. बस. हे तर माझी आजीसुद्धा करायची, म्हटलं, यात शिकायचं काय?

मॅडमनी पहिलं काम दिलं, आपापल्या कंपनीचं नाव टाइप करा. खोलीत सगळे आमच्यासारखे, तांदूळवाले, चहावाले, बिस्किटवाले. आम्ही नावं घातली, फाइल उघडली आणि एकेक करून बहुतेक सगळ्यांचे पडदे संपावर गेले. पान दाखवता येत नाही, एवढंच उत्तर. कारण काय, तर दुबई-शारजात ‘अँड सन्स’ नाहीतर ‘अँड ब्रदर्स’ नसलेली कंपनी शोधून सापडायची नाही, आणि त्या ‘अँड’चं जे वेटोळं चिन्ह असतं ते एक्सएमएलला सरळ लिहिलेलं चालत नाही. माझ्या शेजारचा तांदूळवाला पार पांढरा पडला. त्याच्या शेठने त्या वेटोळ्याला सोन्याचा मुलामा देऊन बोर्डावर लावलं होतं.

दुसरा धक्का मी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला. एका झाकणातली बारीकशी तिरपी रेघ राहिली म्हणून मशीनने माझी फाइल तीनदा फेकून दिली होती. म्हटलं, एवढा कडक साहेब आहे, तर बघू या खोटं कसं पकडतो. वजनाच्या डब्यात मी ‘चारशे टन’ लिहिलं. घेतलं. मुदतीच्या डब्यात लिहिलं, ‘कधीच संपत नाही’. घेतलं. वर्णनात लिहिलं, ‘हे चाखून मेलेला माणूस उठून बसतो आणि भात मागतो’. तेही घेतलं. माल मूळ कुठल्या देशाचा, त्या डब्यात मी विहीर, झाड, पंगत, सगळं घातलं. मशीनने हूं की चूं केलं नाही. अल ऐनचा पठाण दुकानदार माझी थाप अर्ध्यात पकडतो, आणि हा लाखो गणितं करणारा प्राणी चारशे टनांची बाटली मुकाट गिळतो? मी मॅडमना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, मशीन फक्त दार लावलं की नाही एवढं बघतं, घरात काय चाललंय ते बघायचं काम तुमचं.

शेवटच्या दिवशी मी शहाण्यासारखी खरी फाइलही बनवली. फ्लॉपीवर दोन्ही होत्या, सरावाची आणि खरी. मी फ्लॉपी देऊन शारजाला परतलो आणि वहिनींना सांगितलं की अबुधाबीत माझ्यासारखा विद्यार्थी झाला नाही.

पुढल्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या अरब खरेदी मॅनेजरने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. टेबलावर आमची एक बाटली आणि फळीवर लावायची छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर चारशे टन. खाली, मुदत कधीच संपत नाही. त्याखाली विहीर. माझ्या खऱ्या फाइलमध्ये एक झाकण लावायचं राहिलं होतं, म्हणून मशीनने ती नाकारली. थापांच्या फाइलमध्ये एकूण एक झाकण लागलेलं होतं, म्हणून ती घेतली.

मॅनेजर तिथल्या मोडक्या हिंदीत बोलायचा. म्हणाला, म्युनिसिपालिटीच्या माणसाने हे बघायच्या आत मी माल फळीवरून उतरवलाय. आता इथेच, माझ्यासमोर, खरी फाइल करा, नाहीतर खलास. मग चिठ्ठीवर बोट ठेवून त्याने विचारलं, “हबीबी, ये कुआँ कौन से मुल्क में है?”

मी रत्नागिरी म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला की देशाचं नाव कस्टमच्या कागदांशी ताडून बघणार.

वहिनी खुर्चीत सावरून बसल्या. “भावजी, लिहा. वजन चारशे ग्रॅम. मुदत एक वर्ष. कैरी, ओमान.”

मी टाइप करता करता वळलो. “वहिनी, ओमान?”

“सोहारकडची. पहिल्यापासून तीच येते.”

“आणि विहीर? वडिलांचं झाड?”

“वडील गिरगावात चाळीत राहायचे. विहीर कुठून येणार?”

माझ्या डोळ्यांसमोर अख्खी पंगत पानावरून उठून गेली. एवढी वर्षं ज्या झाडाला मी खतपाणी घातलं, ज्याच्यासाठी म्हातारे रडले, ते नव्हतंच. थापा मारण्यात अख्ख्या आखातात मला जोड नाही अशी माझी समजूत होती, आणि मी एका थापेचा नुसता हमाल होतो.

“मला सांगायचंत तरी,” मी कसाबसा म्हणालो.

“मला वाटलं तुम्हांला ठाऊक आहे,” वहिनी म्हणाल्या. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसलं. “तुम्ही त्याला एवढं वाढवलंत की मला वाटलं, खरं मानणारा माणूस इतकं वाढवणार नाही.”

मी ओमान लिहिलं, झाकण लावलं. आतलं आधी, बाहेरचं नंतर. मशीनने ते चारशे टनांइतक्याच थंडपणे घेतलं. मॅनेजरने पडदा बघितला, मान हलवली आणि आमच्या बाटल्या पुन्हा फळीवर लावायला सांगितल्या.

परतीच्या वाटेवर मी बोललो नाही. वहिनींनी मला असं कधी बघितलं नव्हतं, म्हणून त्या अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अल नहदाचा फाटा आला तशा म्हणाल्या, “आत घ्या. कोपऱ्यावरच्या ग्रोसरीवाल्याला माल द्यायचाय.”

मी गाडी वळवली.

“त्याच्याकडे चिठ्ठ्या लावत नाहीत,” वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “यंदा झाडाला मोहोर कसा आलाय, विचारील तो.”