समोरचं दार

परक्या शहरात एकटी पडलेली दोन माणसं एकमेकांची भाषा येत नसतानाही जवळ येतात, असा एक सिनेमा मला फार आवडतो. कोइमतूरच्या या घरात चार वर्षं एकटा राहिलो, तेव्हा तो कितीदा पाहिला असेन! मागच्या महिन्यात बायको इथे राहायला आली. तिलाही हौसेनं दाखवला. ती अर्ध्यातच झोपली. उठल्यावर म्हणाली, "त्यात काय एवढं? दोन माणसं तर बोलतात."

आज दार उघडं होतं. समोरच्या घरातल्या आजी आणि ही, दोघी पायरीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या. हिला तमिळ येत नाही, आजींना मराठी. तरी आजी काहीतरी म्हणाल्या आणि ही खळखळून हसली. शेजारी आमचा स्टीलचा डबा होता. पुरणपोळ्या घेऊन गेलेला तो डबा आजींनी रिकामा परत दिला नव्हता.

माझ्या पोटात दुखायला लागलं. सिनेमा माझा, एकटेपण सोसलं मी. आणि मैत्रीण मिळाली हिला, तीही महिनाभरात!

मला दारात पाहून ही म्हणाली, "अहो, या ना बाहेर. आजींशी तुमची ओळख करून देते."