वाटेकडची ओळ

लढाईच्या त्या वर्षांत प्रवरेच्या वाळूत एका म्हातारीची कलिंगडांची वाडी होती. वेलाकडे कुणी नुसतं पाहिलं, तरी ती ओरडायची, "कोन हाय रं त्यो?" वाटेकडची एक ओळ मात्र तिनं कुंपणाबाहेर ठेवली होती. गावच्या विहिरींवर ज्यांना येऊ देत नसत, ती तहानलेली माणसं तिथं वाकली, की म्हातारी पाठ फिरवून खोकत बसे. खोकला कसला, शुद्ध ढोंग!

एकदा मीही तिथलं कलिंगड उचललं. ती खोकली नाही. सरळ समोर येऊन उभी राहिली.

"ठिवा ते, तात्या. तुमच्या दारात हीर हाय."

मी ठेवलं आणि काठ चढलो. समोरून एक तहानलेला माणूस त्या ओळीकडे उतरत गेला आणि मागून तिचा खोकला ऐकू आला.